गणपतीच्या बंदोबस्तात दिसणारा होमगार्ड नेमका असतो कोण? पोलीस, सैनिक की बिनपगारी स्वयंसेवक?

तारीख होती ७ मे २०२५. पहलगामच्या हल्ल्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. पहाटे उठून मोबाईल बघितला तर 'ऑपरेशन सिंदूर'च्या बातम्या. आणि त्याच दिवशी देशभरात मॉक ड्रिल ठरलेलं होतं. युद्ध झालंच तर सायरन कसा वाजणार, दिवे कसे घालवायचे, लोकांना बाहेर कसं काढायचं, याची ही रंगीत तालीम. नाव होतं 'ऑपरेशन अभ्यास'.

केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यासाठी ठिकाणांची यादीच काढली होती. महाराष्ट्रातून मुंबई, उरण, तारापूर ही नावं येणार हे कुणीही सांगितलं असतं. पुणे, नाशिक, मनमाड हेही समजू शकतो. पण त्या यादीत तिसऱ्या गटात एक नाव होतं, भुसावळ.

जळगाव जिल्ह्याच्या बाहेरच्या माणसाला भुसावळ म्हणजे गाडी बराच वेळ थांबते ते स्टेशन, नाहीतर केळी. पण नकाशा उघडून बघा. मुंबईहून निघालेला रेल्वेचा रस्ता इथे फुटतो, एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा खंडव्यावरून उत्तरेला. शहरात आयुध निर्माणी, शेजारी वरणगावला दुसरी आयुध निर्माणी, जिथे बंदुकीच्या गोळ्या तयार होतात. दीपनगरला औष्णिक वीज केंद्र. वर तापीवरचं हतनूर धरण. शत्रूच्या जागी बसून विचार केला तर भुसावळ यादीत का आहे हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या ड्रिलमध्ये कोणी सहभागी व्हायचं हेही गृह मंत्रालयाच्या पत्रात लिहिलं होतं. जिल्हा प्रशासन, नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक, एनसीसी, एनएसएस, शाळा-कॉलेजची पोरं. आणि होमगार्ड.

हो, तोच होमगार्ड. जळगावच्या रथोत्सवात दोरी धरून गर्दी मागे सारणारा. धुळ्यात एकविरा देवीच्या यात्रेत गाड्या वळवणारा. गणपती विसर्जनाला रात्री दोन वाजता मेहरूण तलावाच्या काठावर उभा असलेला. लहानपणी आम्ही गल्लीतली पोरं त्याला 'अर्धा पोलीस' म्हणायचो. खाकी तीच, काठी तीच, पण खऱ्या पोलिसाला जितकं घाबरायचो तितकं त्याला कुणी घाबरत नव्हतं. युद्धाच्या वेळी शहर सांभाळायच्या यादीत या माणसाचं नाव असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

पण होमगार्ड ही कल्पना आलीय तीच मुळात युद्धातून.

झाडूचे दांडे आणि बांबूचे भाले

१९४० चा मे महिना. हिटलरचं सैन्य फ्रान्समध्ये घुसलं होतं आणि पुढचा नंबर ब्रिटनचा, असं सगळ्यांना वाटत होतं. १४ मे रोजी ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन रेडिओवर आले आणि म्हणाले की १७ ते ६५ वयाच्या पुरुषांनी आपापल्या भागाच्या रक्षणासाठी नावं नोंदवावीत. पगार नाही. दिवसा आपला कामधंदा करायचा, रात्री पहारा द्यायचा. चोवीस तासांत अडीच लाखांच्या आसपास लोकांनी नावं दिली. या दलाला आधी 'लोकल डिफेन्स व्हॉलंटिअर्स' म्हणत. चर्चिल यांना ते नाव काही रुचलं नाही, म्हणून जुलैमध्ये ते झालं 'होम गार्ड'. आपल्याकडचं नाव आलं ते इथून.

सुरुवातीला त्यांच्याकडे बंदुका नव्हत्या. काहींनी झाडूच्या दांड्यावर कवायत केली. पुढे तर लोखंडी नळीला संगीन जोडून भाले बनवले गेले, त्यावर ब्रिटनमध्ये भरपूर टिंगल झाली. हिटलर काही आला नाही. ३ डिसेंबर १९४४ ला हे दल घरी पाठवलं गेलं.

याच गोष्टीचं दुसरं टोक म्हणजे जपान. तिथे वेळ खरोखरच आली होती.

१९४५ च्या सुरुवातीला जपानचं बरंच सैन्य चीन, ब्रह्मदेश आणि पॅसिफिकच्या बेटांवर अडकलेलं होतं आणि अमेरिका थेट जपानच्या भूमीवर उतरणार हे स्पष्ट झालं होतं. मग मायदेशाच्या रक्षणासाठी घाईघाईने नवं सैन्य उभं करायला सुरुवात झाली. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत डिव्हिजनच्या डिव्हिजन कागदावर तयार झाल्या. त्यांच्यातल्या कित्येकांचं काम एकच, ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर खंदक खणून बसायचं आणि तिथेच लढायचं. माणसं मिळाली, पण तोफा, गाड्या आणि रायफली पुरल्या नाहीत.

एप्रिलमध्ये या सगळ्या फौजांची दोन मोठी सेनामुख्यालयं केली. पूर्वेकडच्या अर्ध्या देशाचं टोकियोत. पश्चिमेकडच्या अर्ध्या देशाचं, म्हणजे जिथे अमेरिकन आधी उतरतील असा अंदाज होता त्या क्युशू बेटासकट, हिरोशिमात. हिरोशिमा म्हटलं की आपल्याला फक्त बॉम्ब आठवतो. तिथे मायदेश रक्षणाचं एवढं मोठं मुख्यालय होतं, हे शाळेच्या पुस्तकात कुणी सांगत नाही.

आणि सैन्यही पुरेना, तेव्हा जून १९४५ मध्ये जपानने कायदा केला. १५ ते ६० वयाचे पुरुष आणि १७ ते ४० वयाच्या स्त्रिया यांना 'स्वयंसेवक लढाऊ दला'त बोलावता येईल. शाळकरी मुली आणि गृहिणी अंगणात बांबूचे भाले घेऊन कवायत करत असल्याचे फोटो आजही बघायला मिळतात. नाव स्वयंसेवक, पण 'नको' म्हणायची सोय नाही. १५ ऑगस्टला सम्राटाचं शरणागतीचं भाषण रेडिओवर झालं आणि ते भाले वापरायची वेळ टळली.

हा 'स्वयंसेवक' शब्द जरा लक्षात ठेवा. आपली सगळी गोष्ट पुढे याच शब्दाभोवती फिरणार आहे.

मुंबईत होमगार्ड आला तो युद्धामुळे नाही, दंगलीमुळे

तसं बघायला गेलं तर जपानी हल्ल्याची भीती भारतालाही होती. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले, डिसेंबरात कलकत्त्यावर. शहरांमध्ये दिवे झाकायचे, हवाई हल्ल्यापासून बचावाची पथकं तयार करायची हे सगळं तेव्हा झालं. पण 'होमगार्ड' या नावाचं दल आपल्याकडे आलं ते युद्ध संपल्यानंतर.

१९४६ साल. १६ ऑगस्टला कलकत्ता पेटलं आणि सप्टेंबरपासून मुंबईतही दंगली सुरू झाल्या. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर पंतप्रधान होते (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत) आणि गृह खातं होतं मोरारजी देसाईंकडे. पोलीस कमी पडत होते, आणि दरवेळी लष्कर बोलवायचं म्हणजे इंग्रजांच्या हाती सूत्रं द्यायची. तेव्हा मोरारजींनी नागरिकांमधूनच एक शिस्तबद्ध दल उभं केलं. तारीख ६ डिसेंबर १९४६. भारतातलं हे पहिलं होमगार्ड दल. पुढच्या वर्षी त्यासाठी 'मुंबई होमगार्ड अधिनियम, १९४७' आला. महाराष्ट्रातला होमगार्ड आजही त्याच कायद्यावर उभा आहे.

आपला खानदेश तेव्हा मुंबई प्रांतातच होता. आजचा जळगाव जिल्हा म्हणजे पूर्व खानदेश, आणि धुळे-नंदुरबार मिळून पश्चिम खानदेश.

इथे एक जाता जाता. स्थानिक माणसं घेऊन स्थानिक दल उभं करायचा प्रयोग खानदेशाला नवा नव्हता. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला आणि भिल्लांनी त्यांना सुखाने बसू दिलं नाही. शेवटी १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला 'खानदेश भिल्ल कोअर' उभी केली. गावोगावचे जागले परंपरेने भिल्लच असायचे, त्यांच्याच भाईबंदांना इंग्रजांनी गणवेश चढवला. ती कोअर मायभूमीच्या रक्षणासाठी नव्हती, भिल्लांकरवी भिल्लांना आवरण्यासाठी होती. म्हणून तिला होमगार्डचा पूर्वज म्हणायला माझं मन धजत नाही. पण ज्या भागावर ताबा ठेवायचाय तिथलीच माणसं स्वस्तात पडतात आणि त्यांना मुलूख माहीत असतो, हे गणित सरकारला इथे २०० वर्षांपासून ठाऊक आहे.

तर मोरारजींच्या होमगार्डचं स्वरूप देशव्यापी झालं ते १९६२ मध्ये. चीनच्या आक्रमणानंतर केंद्राने राज्यांना सांगितलं की तुमच्याकडे जी काही वेगवेगळी स्वयंसेवी दलं आहेत ती एकत्र करा आणि 'होमगार्ड' नावाचं एकसारखं दल ठेवा. दंगलीसाठी जन्मलेलं दल अशा रीतीने पुन्हा युद्धाशी जोडलं गेलं. कागदावर त्याची कामं अशी: पोलिसांना मदत, हवाई हल्ला, आग, पूर, भूकंप अशा वेळी लोकांना मदत, अत्यावश्यक सेवा चालू ठेवणं. पंजाब, राजस्थान, गुजरातसारख्या सीमेवरच्या राज्यांत तर होमगार्डच्या वेगळ्या सीमा तुकड्या आहेत, त्या बीएसएफला मदत करतात.

ब्रीदवाक्य ठरलं, 'निष्काम सेवा'.

कायद्याने तो कोण असतो?

आता ही गंमत बघा. कर्तव्यावर बोलावल्यानंतर होमगार्डला पोलीस अधिकाऱ्याइतकेच अधिकार आणि तेवढंच संरक्षण मिळतं, असं १९४७ चा कायदा म्हणतो. तो लोकसेवक धरला जातो. त्याच्या अंगावर हात टाकला तर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागू शकतो. बोलावल्यावर विनाकारण आला नाही किंवा हुकूम मोडला, तर त्याला शिक्षा करायची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

म्हणजे अधिकार पोलिसाचे, जबाबदारी पोलिसाची. मग पगार? पगार नाही. कारण तो 'मानसेवी' आहे, स्वयंसेवक आहे. काम केलं त्या दिवसाचा 'कर्तव्य भत्ता' मिळतो. नोंदणी तीन वर्षांची. मुदत संपली की पुन्हा नोंदणी. पेन्शनचा विषयच नाही.

रचना साधी आहे. जिल्ह्याचा प्रमुख जिल्हा समादेशक, सहसा अपर पोलीस अधीक्षकच ते पद सांभाळतात. खाली तालुक्याचं पथक, त्याचा समादेशक अधिकारी, मग पलटणनायक आणि जवान. पोलिसांना माणसं कमी पडली की मागणी येते, पथकातून नावं निघतात, निरोप जातो.

आणि निरोप कधी जातो? निवडणुकीला. २०२४ ची लोकसभा आठवा. जळगाव आणि रावेरला १३ मे रोजी मतदान झालं, धुळ्याला २० मे रोजी. खानदेशातला मे महिना म्हणजे काय असतो ते जळगावकराला सांगायला नको. ४४ अंश तापमानात केंद्राबाहेर उभं राहायचं. मग अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, पोळा, गणपती, नवरात्र, मुक्ताईनगरची यात्रा, कुठे तणाव झाला की रात्रपाळी. कोरोनात नाकाबंदीवर उभे होते त्यातही होमगार्ड होते.

त्यांच्या स्वतःच्या वर्धापनदिनाचीही तीच तऱ्हा. ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन, आणि १९९२ पासून तर त्या दिवशी राज्यभर कडक बंदोबस्त असतो. त्यामुळे होमगार्ड दिनाला होमगार्ड बऱ्याचदा ड्युटीवरच.

धोका फक्त उन्हाचा असतो असंही नाही. २६/११ च्या हल्ल्यात जे पोलीस आणि जवान हुतात्मा झाले त्या यादीत एक नाव मुकेश भिकाजी जाधव यांचं आहे. नावापुढे हुद्दा लिहिलाय, होमगार्ड. एके-४७ घेऊन आलेल्या अतिरेक्याला समोरचा माणूस पगारी आहे की मानसेवी, याच्याशी काही घेणंदेणं नसतं.

भांडण कशावरून आहे?

पैशावरून आहे, पण तेवढंच नाही.

ब्रिटनमध्ये स्वयंसेवक हा शब्द शोभत होता, कारण तिथला होमगार्ड बँकेत किंवा कारखान्यात नोकरी करून संध्याकाळी पहाऱ्याला यायचा, आणि ते सगळं साडेचार वर्षांत संपलं. मुंबईतही १९४६ मध्ये चित्र साधारण तसंच कल्पिलं होतं. सुस्थितीतला नागरिक आठवड्याला एकदा परेड करेल, संकट आलं की धावून येईल.

आज खानदेशातला होमगार्ड कोण आहे बघा. कोरडवाहू दोन-तीन एकरवाल्याचा मुलगा. रिक्षा चालवणारा. पोलीस भरतीची तयारी करता करता वय निघून गेलेला. मुलांच्या शाळेची फी भरायला नोंदणी केलेली गृहिणी. यांच्यासाठी ही फावल्या वेळातली देशसेवा नाही, घरात येणारा पैसा आहे. नवरात्र आणि दिवाळीचा बंदोबस्त नेमका कापूस वेचणीच्या दिवसांत येतो. ड्युटीला गेलं तर शेतात मजूर लावावा लागतो, नाही गेलं तर पुढच्या वेळी नाव निघेल का ही धाकधूक.

हिमाचल प्रदेश, पंजाब आणि दिल्लीच्या होमगार्डांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'गृहरक्षक, होमगार्ड्स वेल्फेअर असोसिएशन विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य' हे ते प्रकरण. ११ मार्च २०१५ ला निकाल आला. न्यायालयाने अर्धं दिलं आणि अर्धं नाकारलं. तुम्ही नियमित कर्मचारी नाही, त्यामुळे सेवेत कायम करता येणार नाही, असं सांगितलं. पण रोजचा भत्ता असा ठेवा की ३० दिवसांची बेरीज पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतकी होईल, हेही सांगितलं.

महाराष्ट्रात हा भत्ता बरेच दिवस ५७० रुपये होता. ३० दिवसांनी गुणा, १७,१०० होतात. तेही महिनाभर ड्युटी मिळाली तर. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर २०२४ मध्ये राज्य सरकारने तो १,०८३ रुपये केला. जवळपास दुप्पट. आता ३० दिवसांचे होतात ३२,४९०. या निर्णयाचं श्रेय नाकारायचं कारण नाही, वाढ खरी आहे आणि मोठी आहे.

मात्र खरा घोळ दराचा नाही, दिवसांचा आहे. न्यायालय म्हणालं ३० दिवसांची बेरीज. पण ३० दिवस ड्युटी द्याच, असं कुणीच म्हणालं नाही. महिन्यात दहा दिवस बोलावणं आलं तर हातात १०,८३०. एकाही दिवशी आलं नाही तर शून्य. आणि यात सरकारने कुणाला काढून टाकलेलं नसतं. फक्त बोलावलेलं नसतं.

दर वाढला की दिवस कमी होतात का? उत्तर प्रदेशात हे घडलेलं आहे. तिथे न्यायालयाच्या आदेशानंतर भत्ता ५०० वरून ६७२ रुपये करावा लागला. ऑक्टोबर २०१९ मध्ये बातमी आली की पोलिसांसोबत काम करणाऱ्या २५,००० होमगार्डांची ड्युटी बंद होणार, कारण बजेट पुरत नाही. दिवाळीच्या तोंडावर. खूप ओरड झाली, मग कुणी बेरोजगार होणार नाही असं मंत्र्यांना सांगावं लागलं. कायद्याच्या नजरेत तिथे एकाचीही नोकरी जात नव्हती, कारण मुळात नोकरी नव्हतीच.

महाराष्ट्रातले होमगार्ड म्हणूनच '३६५ दिवस काम द्या' ही मागणी वर्षानुवर्षं करत आलेत. सरकारची अडचण उघड आहे. वर्षभर काम दिलं तर तो स्वयंसेवक राहत नाही, कर्मचारी होतो. मग रजा आली, भविष्य निर्वाह निधी आला, पेन्शनचा वाद आला. मला विचाराल तर गर्दीच्या दिवसांत तो पोलीस आणि पगाराच्या दिवशी तो स्वयंसेवक, हा हिशोब फार काळ चालवू नये. निदान किती दिवस काम मिळणार हे वर्षाच्या सुरुवातीला सांगायला काय हरकत आहे?

तरीही रांग का लागते?

कारण २०२४ मध्ये भरती निघाली तेव्हा राज्यभर मैदानं भरली होती. दहावी पास, वय २० ते ५०, पुरुषांसाठी उंची १६२ सेंटिमीटर आणि महिलांसाठी १५०. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर पळायचं आणि गोळाफेक. मोठं आकर्षण म्हणजे तीन वर्षं सेवा झाली की पोलीस, वन विभाग आणि अग्निशमन दलाच्या भरतीत होमगार्डांसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी ती एक जास्तीची खिडकी आहे. वय उलटून गेलेल्यांसाठी ती बंद झालेली असते, त्यांना फक्त भत्ता.

पुढच्या वेळी कुठे भरतीची जाहिरात दिसली आणि अर्ज करायचा विचार असेल, तर दोन गोष्टी तुमच्या तालुक्याच्या पथकात आधीच विचारून घ्या. गेल्या वर्षी जवानांना सरासरी किती दिवस ड्युटी मिळाली, आणि झालेल्या ड्युटीचे पैसे किती दिवसांनी खात्यात आले. भत्त्याचा दर जाहिरातीत लिहिलेला असतो. हे दोन आकडे मात्र पथकातल्या जुन्या जवानालाच विचारावे लागतात.